विमानात बसण्याआधीचे कागद

मागच्या अंकात मी थायलंडमधल्या माझ्या नऊ वर्षांविषयी लिहिलं होतं. 2014 ते 2023, चोनबुरी प्रांतातलं सी राचा हे गाव, मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना आणि सप्लायर क्वालिटीचं काम. त्यानंतर पुण्यातून आणि पिंपरी-चिंचवडमधून बरीच पत्रं आली. सगळी वाचली. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देते. हडपसरचं पत्र सर्वांत आधी घेतलंय, कारण त्या घरातली तारीख जवळ आली आहे.

प्रश्न: माझा मुलगा 22 वर्षांचा आहे, बी.कॉम. झालाय. ओळखीतून एक एजंट भेटला. बँकॉकला ‘डिजिटल मार्केटिंग’ची नोकरी, महिना 90 हजार रुपये, राहणं-जेवण कंपनीचं. एजंट 70 हजार मागतो. व्हिसाचं विचारलं तर म्हणतो, भारतीयांना आता व्हिसा लागत नाही, तिथे गेल्यावर कंपनी सगळं करून देते. पंधरा दिवसांनी निघायचं आहे. मुलगा हरखून गेलाय, पण माझं मन घेत नाही. (एक आई, हडपसर)

उत्तर: ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. त्याला पाठवू नका. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडू देत.

एजंट अर्धं खरं बोलतोय, आणि धोका तिथेच आहे. 2024 च्या जुलैपासून भारतीय पासपोर्टवर 60 दिवस बिनव्हिसा राहण्याची सवलत मिळाली, हे खरं. पण ती फिरायला जाणाऱ्यांसाठी. नोकरीला निघालेल्या माणसाकडे ‘नॉन-इमिग्रंट बी’ नावाचा व्हिसा असतो. त्यासाठी तिथल्या कंपनीला आधी रोजगार खात्याकडे जाऊन पूर्वमंजुरी आणावी लागते, आणि ते पत्र इथे व्हिसाच्या अर्जाला जोडावं लागतं. तिथे पोचल्यावर व्हिसा बदलून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण मिळेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि तोवर एक दिवस जरी काम केलं तरी तो गुन्हा.

आता दुसऱ्या बाजूने बघा. साधारण कंपनीला एक परदेशी माणूस ठेवायचा तर त्याच्यामागे चार थाई कर्मचारी आणि 20 लाख बात (बात हे थायलंडचं चलन) भरणा भांडवल दाखवावं लागतं. भारतीय माणसाला तिथे राहण्याची वर्षाची मुदतवाढ हवी असेल तर त्याचा पगारही किमान 35,000 बात दाखवावा लागतो. एवढा खटाटोप कंपनी करते ती तिथे न मिळणाऱ्या कौशल्यासाठी. ज्याला थाई येत नाही, अनुभव नाही, ज्याची मुलाखत फोनवर दहा मिनिटांत उरकली, अशा मुलासाठी कुणी हे का करेल? हा प्रश्न तुम्ही एजंटला नको, मुलाला विचारा. शांतपणे विचारा. हुशार आहे, त्याचं उत्तर तोच शोधेल.

ज्याची मला भीती वाटते ते स्पष्ट लिहिते. बँकॉकच्या वायव्येला सुमारे 500 किलोमीटरवर माए सोत हे सरहद्दीचं गाव आहे. तिथे मोएई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. ‘डिजिटल मार्केटिंग’, ‘डेटा एंट्री’, ‘कस्टमर सपोर्ट’ अशा नावांनी बोलावलेल्या मुलांना विमानतळावरून गाडीत घालून तिकडे नेलं जातं, पासपोर्ट काढून घेतात आणि कुंपणाच्या आत बसवून फोनवरून लोकांना फसवण्याचं काम करून घेतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल 2022 मध्येच इशारा दिला होता. 2025 च्या मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत माए सोतहून 549 भारतीयांना परत आणलं. तीही अशाच कुणा आयांची मुलं.

तुमचा मुलगा पदवीधर आहे, त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, हा शेरा नसणार. दहावी न झालेल्या कामगाराला थायलंडला नोकरीसाठी जायचं तर आपल्या सरकारची परवानगी काढावी लागते. पदवीधराला ती लागत नाही, म्हणून त्याला वाटेत कुणी अडवतही नाही. अडवायचं ते तुम्हीच. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर तपासा. नोंदणी असलेल्या एजंटलासुद्धा 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्याकडे 70 हजार मागितलेत, तेवढ्यावरच खरं तर विषय संपतो. कंपनीचा 13 आकडी नोंदणी क्रमांकही मागा. थायलंडच्या वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार विकास खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती, हे कुणालाही बघता येतं. खरी कंपनी हा क्रमांक द्यायला एक मिनिटही घेणार नाही.

प्रश्न: वय 34, बी.ई. मेकॅनिकल, चाकणला प्रेस शॉपमध्ये 11 वर्षं. रायोंगमधल्या एका कंपनीची ऑफर आहे, 75,000 बात. बरोबर बायको आणि सात वर्षांची मुलगी. इथल्या पगाराशी तुलना करताना डोकं चालत नाही. पुरेल का? आणि सही करण्याआधी काय पाहावं? (आकुर्डीचे एक वाचक)

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मला माझीच 2014 मधली वही आठवली. मीसुद्धा आकड्याला रुपयांनी गुणत बसले होते. तेव्हा बात दोन रुपयांच्या आत होता, आता अडीचच्या पुढे गेलाय. पण गुणाकार करून काही कळत नाही. तिथला पगार तिथल्या खर्चाला लावून बघायचा.

आधी कर. तुमचा वर्षाचा पगार नऊ लाख बात. नोकरदाराची एक लाखाची वजावट, तुमचे स्वतःचे 60,000, कमावत नसलेल्या पत्नीचे 60,000, मुलीचे 30,000 आणि सामाजिक सुरक्षेचे नऊ-दहा हजार वजा केले की करपात्र रक्कम साधारण 6 लाख 40 हजार उरते. त्यात पहिल्या दीड लाखावर कर नाही, मग टप्प्याटप्प्याने 5, 10 आणि 15 टक्के. वर्षाला 48 हजारांच्या आसपास, म्हणजे महिना चार हजार. कंपनी तो पगारातूनच कापते. विवरणपत्र मात्र दरवर्षी 31 मार्चपर्यंत आपण भरायचं. सामाजिक सुरक्षेचे पूर्वी महिना 750 बात कापले जात, 2026 पासून 875. ते पैसे फुकट जात नाहीत. नोंदवलेल्या इस्पितळात त्यावर उपचार होतात. इस्पितळ मात्र आपण निवडायचं असतं, आणि ते घराजवळचं निवडा. माझ्या वेळी एचआरने न विचारता एक नाव टाकलं, ते 30 किलोमीटर लांब निघालं.

घरभाडं ही रायोंगमध्ये मोठी बाब नाही. मी सी राचात दोन बेडरूमसाठी 14,000 बात देत होते. डिपॉझिट बहुधा दोन महिन्यांचं आणि एक महिना आगाऊ. भाडेकरारात एकच ओळ नीट वाचा: विजेचा दर. मीटर वीज प्राधिकरणाचा असेल तर बिल थेट येतं. घरमालक स्वतः वसूल करत असेल तर युनिटमागे सात-आठ बात लावतो, आणि एसीशिवाय तिथे झोप लागत नाही. माझ्या शेजारचं कुटुंब एप्रिलमध्ये भाड्याच्या निम्मं बिल भरायचं.

खरा खड्डा शाळेचा. नाव असलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला पाच लाख बातांच्या वर जाते, लहान शाळांची त्याहून कमी. पण कुठलीही धरली तरी तुमच्या नऊ लाखांतून ती भरून वर घर चालवणं अवघड आहे. मुलीची फी कंपनी देणार का, हे आज विचारा, आणि होकार मिळाला तर तो ऑफर लेटरमध्ये आकड्यासकट लिहून घ्या. ‘नंतर बघू’ म्हणाले तर फी मिळणार नाही असंच धरा. फी नसेल तर माझं मत असं की पहिलं वर्ष तुम्ही एकट्याने जा. मुलीची शाळा मोडून नेऊ नका. कुटुंब तोडा असं मी सहज सांगत नाहीये. माझी मुलगी दीड वर्ष आजीकडे कोथरूडला होती, ते दीड वर्ष मला अजून डाचतं. तरीही दोनदा शाळा बदलण्यापेक्षा ते तिच्यासाठी बरं झालं.

आता सहीबद्दल. तिथला श्रम संरक्षण कायदा 1998 चा आहे आणि तो परदेशी माणसालाही लागू होतो. आठवड्याला जास्तीत जास्त 48 तास काम. वर्ष भरल्यावर किमान सहा दिवस भरपगारी रजा, शिवाय किमान 13 सणवाराच्या सुट्ट्या. सहा दिवसांत पुण्याला येऊन काय होणार? म्हणून रजा वाढवून मागा, आणि वर्षातून एकदा घरी येण्याचं तिकीटही. कंपनीने काढून टाकलं तर 120 दिवस झालेल्याला 30 दिवसांचा पगार, वर्ष झालेल्याला 90 दिवसांचा, तीन वर्षं झालेल्याला 180 दिवसांचा द्यावा लागतो. तुमचा प्रोबेशन 119 दिवसांचा लिहिलेला असेल तर तो आकडा तिथून आलाय, घाबरू नका.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा. वर्क परमिट निघाल्याशिवाय शॉप फ्लोअरवर पाय ठेवू नका. व्हिसा वेगळा, परमिट वेगळं. व्हिसा तुम्हाला देशात राहू देतो, काम करू देतो ते परमिट. माझ्या पहिल्या कंपनीत मला तिसऱ्या दिवशीच रिपोर्ट काढायला बसवलं होतं, ‘कागद येतीलच’ म्हणून. एका सकाळी तपासणीला माणसं आली आणि मला कँटीनच्या मागच्या खोलीत दीड तास बसवून ठेवलं. बाहेर कुणाच्या पावलांचा आवाज आला की श्वास अडायचा. परमिटशिवाय काम करताना सापडलेल्याला 5,000 ते 50,000 बात दंड आणि परत पाठवणी. कंपनीलाही दंड होतो, पण पासपोर्टवर शिक्का आपल्या बसतो. त्या संध्याकाळी मी व्यवस्थापकांना सांगितलं, परमिट हातात येईपर्यंत मी घरीच थांबेन. चिडले नाहीत. नऊ दिवसांत परमिट आलं. म्हणजे ते आधीही येऊ शकलं असतं.

निघण्यापूर्वी पदवी प्रमाणपत्र, जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला हे सगळं इथेच साक्षांकित करून घ्या. कुठले शिक्के लागतील ते कंपनीच्या एचआरकडून लेखी मागवा. पत्नी आणि मुलगी तुमच्यावर अवलंबून म्हणून ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसावर येतील, आणि तिथे विवाहाचा दाखला नसेल तर सगळं अडतं. सर्व कागदांवर तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे, त्याच क्रमाने असू दे. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, त्याने माझे तीन आठवडे गेले. तुमच्या भागातल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून ठेवा. रायोंगमध्ये बँकॉकसारखी मेट्रो नाही. कंपनीची व्हॅन चुकली की स्वतःची गाडी हवी. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढा दिलासा आहे.

आणि पुण्याच्या बँकेत जाऊन साध्या बचत खात्याचं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं करून घ्या. हे परतल्यावर करू, असं बरेच जण म्हणतात. नियम निघतानाचा आहे.

प्रश्न: नवऱ्याची बदली बँकॉकला होतेय. मी इथे चित्रकलेचे वर्ग घेते. तिथे सोसायटीतल्या मुलांना शिकवलं तर चालेल का? पैसे घेतले नाहीत तर? (कोथरूडच्या एक वाचक)

उत्तर: घरच्या घरी का होईना, पैसे घेऊन शिकवणं हे काम आहे, आणि तुमच्या व्हिसावर ते चालत नाही. पैसे न घेतल्याने प्रश्न सुटतो असंही धरू नका. तिथे कामाची व्याख्या मोबदल्यावर थांबत नाही. तुम्हाला काम करायचं असेल तर एखाद्या शाळेने किंवा संस्थेने तुमच्या नावाने परमिट काढायला हवं, आणि तसं होऊ शकतं. तोपर्यंत स्वतः शिका. मी थाई लिपी शिकले ती अशाच एका रिकाम्या वर्षात, आणि त्या वर्षाने मला पुढची आठ वर्षं दिली.

लिपी आपल्याला जितकी वाटते तितकी परकी नाही. क-वर्ग, च-वर्ग याच क्रमाने अक्षरं येतात. शब्द तर पदोपदी भेटतात. विमानतळ सुवर्णभूमी, तिथली जुनी राजधानी अयुत्थया म्हणजे अयोध्या. चोनबुरी लिहिताना जलपुरी आहे आणि सी राचा श्रीराजा. जेवणाला आहान म्हणतात, तो आपला आहार. वेळेला वेला, भाषेला फासा, शिक्षकाला ख्रू, म्हणजे गुरू. उच्चार बदललेत, सूर पाच आहेत आणि सूर चुकला की अर्थ बदलतो, म्हणून कान बसायला वेळ लागतो. पण पाटी वाचता यायला लागली की देश उघडतो. तारखेत मात्र फसू नका. सरकारी कागदावर बौद्ध संवत असतो, आपल्या सनात 543 मिळवायचे. 2026 म्हणजे 2569.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. मुलगा म्हणतो तिथे उपाशी मरशील. खरं आहे का? (चिंचवडचे एक वाचक)

उत्तर: मुळीच नाही. पण ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मांस काढतात आणि माशाचा रस, नाम प्ला, तसाच राहतो. तो त्यांच्याकडे मिठासारखा वापरतात, त्यामुळे त्यात मासा आहे हे त्यांच्या मनातही येत नाही. कोळंबीची पेस्ट आणि ऑयस्टर सॉसही तसेच. ‘मंग्सविरत’ हा शब्द तुम्ही ऐकाल. तो आपला मांसविरती. पण त्यात अंडं चालतं. तुम्हाला हवा तो शब्द ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. जे म्हणजे मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाई आल्या तेव्हा त्या जे गाडीवर निर्धास्त जेवल्या. ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवस जेचा उत्सव असतो. त्या दिवसांत गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात, आणि शाकाहारी माणसाला तो सणच वाटतो.

बँकॉकमध्ये असाल तर फाहुरातला जा. कापडबाजार आहे, मोठा गुरुद्वारा आहे, आणि डाळी, पोहे, हिंग, मोहरी सगळं मिळतं. रायोंगकडे राहणाऱ्यांनी महिन्याची यादी करून तिथून आणावं, आम्ही तसंच करायचो. शेंगदाणे, ओला नारळ, कोथिंबीर, मिरची, केळीची पानं तर गावच्या बाजारातच. पुरणपोळीला चणाडाळ तेवढी फाहुरातची.

गणपतीचं पत्रात विचारलंत, म्हणून सांगते. त्यांच्याकडेही तो आहे, फ्रा फिकानेत म्हणतात. तिथल्या ललित कला खात्याच्या चिन्हावर गणपती आहे. चाचोएंगसाओ प्रांतात 39 मीटर उंच उभी कांस्यमूर्ती आहे. चतुर्थीला आम्ही सी राचाहून तिथे जात असू. मोदकाबरोबर लाल सरबताची बाटली ठेवलेली दिसते. पहिल्यांदा बघताना चमकले, नंतर आवडायला लागलं.

प्रश्न: मी आयटीत आहे, पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच काम करतो. सहा महिने चियांग माईला राहून तेच काम करावं म्हणतोय. चालेल? (कर्वेनगर, वय 25)

उत्तर: तुला ‘तू’च म्हणते. 2024 मध्ये थायलंडने यासाठीच ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ काढला. पाच वर्षांची मुदत, एका खेपेला 180 दिवस, खात्यात पाच लाख बात असल्याचा पुरावा. पगार देणारी कंपनी थायलंडबाहेरची हवी, तिथल्या कुणाचं काम घ्यायचं नाही. तुझ्या कंपनीची लेखी परवानगी आधी घे. थायलंडने परवानगी दिली म्हणून तुझ्या एचआरला चालेल असं नाही. वर्षात 180 दिवस किंवा जास्त राहिलास तर तिथला करनिवासी ठरतोस. 2024 पासून बाहेरची कमाई देशात आणली तर त्यावरही कर लागू शकतो. म्हणून दिवस मोजून रहा. फेब्रुवारी ते एप्रिल टाळ. शेतं आणि जंगल जाळल्याचा धूर त्या खोऱ्यात साठतो. मी एकदा मार्चमध्ये गेले होते, डोंगरही दिसत नव्हता आणि मुलीला चार दिवस खोकला. नोव्हेंबरला जा.

प्रश्न: मुलगा दीड वर्षापासून बँकॉकला आहे. आम्ही दोघं इथे, मला दोन स्टेंट आहेत. त्याच्याकडे विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो. अडीअडचणीला त्याला लगेच निघता येतं का? आम्ही त्याला काय विचारायला हवं? (शनिवार पेठेतले एक वाचक, वय 68)

उत्तर: काका, या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून देत नाही.

2016 च्या नोव्हेंबरमध्ये रात्री अकराला भावाचा फोन आला. बाबांना पक्षाघाताचा झटका, इस्पितळात नेलंय. मी पहाटेचं मुंबईचं तिकीट काढलं, पर्समध्ये पासपोर्ट घातला आणि टॅक्सीने विमानतळ गाठला. सुवर्णभूमीला अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, दोनदा चाळला, आणि विचारलं, ‘री-एंट्री?’ मला अर्थ कळला नाही, घाई होती, मी नुसती मान हलवली. त्याने शिक्का मारला. त्या शिक्क्याबरोबर माझी वर्षभराची मुदतवाढ संपली. परत येण्याची परवानगी न काढता देशाबाहेर पडलं की राहण्याची मुदत तिथेच रद्द होते, मग पुढे आठ महिने शिल्लक असले तरी. मुंबईच्या थाई वकिलातीतून व्हिसा पहिल्यापासून काढावा लागला. घर, सामान, पगार सगळं तिकडे आणि मी इकडे, असे पाच आठवडे गेले. बाबा वाचले, मला ओळखलं, म्हणून त्या पाच आठवड्यांचं मला दुःख नाही. पण माझ्या जागी एखादा असा असेल ज्याला हा नियम माहीत आहे, पण परवानगी काढलेली नाही, तो त्या रात्री निघू की नको याचा विचार करत बसेल. तो विचार करायची वेळ कुणाच्याही मुलावर येऊ नये.

ही परवानगी एका खेपेसाठी 1,000 बातला मिळते, कितीही खेपांसाठी 3,800 बातला. मुदतवाढ मिळते त्याच दिवशी, त्याच इमिग्रेशन कार्यालयात ती काढता येते. सुवर्णभूमीवरही त्याची खिडकी आहे, हे मला त्या रात्री कुणी सांगितलं नाही. आईवडील वयस्क असलेल्याने 3,800 ची घ्यावी आणि दरवर्षी मुदतवाढीबरोबर नवी करावी. माझ्यानंतर आमच्या कारखान्यात आलेल्या प्रत्येक भारतीयाला मी पहिल्या आठवड्यात हे सांगायची.

मुलाला आणखी दोन गोष्टी विचारा. दर 90 दिवसांनी पत्त्याची नोंद इमिग्रेशनला द्यावी लागते. तारखेच्या 15 दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत ती देता येते, उशीर झाला तर 2,000 बात दंड. ती तो स्वतः देतो की कंपनीचा माणूस? कंपनीचा माणूस नोकरी सोडून जातो आणि तारीख तशीच राहते, असं मी दोनदा पाहिलंय. घर बदललं असेल तर नव्या घरमालकाने 24 तासांत त्याची नोंद केली का, हेही विचारा. ती नसली की पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. आणि समजा नोकरीच गेली, तर राहण्याची परवानगी नोकरीबरोबरच संपते. तेव्हा हातात मोजके दिवस असतात. मुदत उलटून राहिलं तर दिवसाला 500 बात दंड, जास्तीत जास्त 20,000. म्हणून भारतात परत यायच्या तिकिटाचे पैसे त्याने वेगळे ठेवलेले असावेत.

‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्या मुलावर रागावू नका. मीही आईला तेच सांगत होते. कँटीनच्या मागच्या खोलीचं तिला मी चार वर्षांनी सांगितलं. त्याला जाब विचारल्यासारखं नको, रविवारी व्हिडिओ कॉल लावला की म्हणा, पासपोर्ट घेऊन बस, मला तुझे शिक्के बघायचेत. मुदतवाढीचा शिक्का दाखवेल. त्याच्या शेजारी किंवा पुढच्या पानावर री-एंट्रीचा शिक्का असायला हवा, वर ‘मल्टिपल’ लिहिलेलं. नसेल तर सोमवारी सकाळी अर्धा दिवस रजा टाकून काढून घे म्हणावं.